घराची मोठी साफसफाई सगळ्यांना हवीशी कशी वाटेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात सहा माणसं. तुम्ही, नवरा, सासूबाई, पंधरा वर्षांचा मुलगा, अकरा वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा धाकटा. वर्षातून एकदा सगळं घर काढून स्वच्छ करायचं ठरतं. पहिल्या दिवशी सकाळी सगळे उत्साहात असतात, दुपारपर्यंत कुरबुर सुरू होते, दुसऱ्या दिवशी रडारड आणि अबोला, आणि शेवटी उरलेलं सगळं तुमच्या एकटीच्या अंगावर पडतं. गाणी लावून झाली, मुलांना बक्षिसं कबूल करून झाली, कामांच्या चिठ्ठ्या उचलून झाल्या. काहीच दोन तासांच्या पुढे टिकलं नाही. हे काम सगळ्यांना आवडेल असं कसं करता येईल, असं तुम्ही विचारलंय.

गाणी आणि चिठ्ठ्या वाईट नाहीत, पण मूळ दुखण्याला त्या हात लावत नाहीत. घरं आवरून देणं आणि कुटुंबांना ती आवरायला शिकवणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, आणि तुम्ही सांगितलेलं चित्र मी घराघरांत पाहिलंय. त्यात एक गोष्ट हमखास असते. एकाच व्यक्तीच्या डोक्यात सगळा आराखडा असतो: आधी काय, मग काय, कुठलं फडकं कशाला, जुन्या चादरी कुठे जाणार. बाकीचे सगळे तिच्या हाताखाली. ते दर पाच मिनिटांनी विचारतात, "हे कुठे ठेवू?", "झालं, आता काय करू?" जिच्याकडे आराखडा आहे ती दमते, कारण स्वतःचं काम करता करता तिला इतरांनाही काम पुरवावं लागतं. जे हाताखाली असतात ते कंटाळतात, कारण हातात काम आहे पण ते त्यांचं नाही. पाच वर्षांचं मूल असो की चाळिशीतला माणूस, दिवसभर दुसऱ्याचा हरकाम्या होऊन राहण्यात कुणाचंच मन रमत नाही. म्हणून माझा सल्ला असा की कामं वाटू नका, जागा वाटा. आणि वाटलेल्या जागेचा पूर्ण अधिकार त्या माणसाला द्या.

"पंखा पूस" हे काम झालं. "बैठकीची खोली तुझी" ही जागा झाली. खोली ज्याची, सुरुवात कुठून करायची हे त्याने ठरवायचं, कोणाची मदत घ्यायची हेही त्याने, आणि "झालं" म्हणायचा अधिकारही त्याचाच. तुमच्या घरात मी पहिल्यांदा हे करून बघेन: अकरा वर्षांच्या मुलीला पुस्तकांचं कपाट आणि तिच्या अभ्यासाचा कोपरा द्या, आणि अर्धा तास तुम्ही स्वतः तिच्या हाताखाली काम करा. तिने सांगितलं तेच करायचं. सूचना द्यायची नाही. "आई, ती पुस्तकं आधी खाली काढ, मग फळी पुसू" असं ती म्हणेल, कदाचित तुम्हाला पटणारही नाही, तरी करा. घरातलं वातावरण बदलायला सुरुवात इथून होते. जी मुलगी "अजून किती वेळ?" विचारत होती, तीच तुम्हाला "इथे नीट पुसलं नाहीयेस" म्हणून सांगू लागते.

नवऱ्याच्या बाबतीतही हेच. "सांगितलं तर तो सगळं करतो" असं तुम्ही लिहिलंय, आणि अडचण नेमकी त्या "सांगितलं तर"मध्ये आहे. सांगणं हे स्वतंत्र आणि दमवणारं काम आहे, ते तुमच्याकडेच राहतं. त्यांना स्वयंपाकघर द्या, पूर्ण. डबे रिकामे कधी करायचे, साबण-घासण्या संपल्यात का हे बघणं, एक्झॉस्ट पंख्याची जाळी काढणं, मुदत उलटलेल्या बाटल्या शोधणं, सगळं त्यांच्याकडे. पहिल्या तासात ते दहा वेळा विचारायला येतील. "तुम्हीच ठरवा" एवढंच शांतपणे म्हणायचं. मसाल्यांचे डबे तुमच्या सवयीच्या जागेवरून हलले तर चार दिवस चुकल्यासारखं होईल. ही किंमत मोजण्यासारखी आहे.

जागा वाटायच्या आधी एका संध्याकाळी सगळ्यांनी मिळून घरातून फेरी मारा. हातात कागद असू द्या, लिहायचं काम मुलीला द्या. प्रत्येकाने एकच सांगायचं: या घरातली कुठली जागा मला सगळ्यात जास्त खुपते? उत्तरं ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. तुम्हाला स्वयंपाकघराच्या वरच्या कपाटांचा चिकट थर खुपत असेल, मुलाला चार्जरच्या वायरींचा गुंता, सासूबाईंना खिडकीची घट्ट बसलेली चौकट, आणि धाकट्याला पलंगाखालचा अंधार. ज्याला जे खुपतं ती जागा शक्यतो त्यालाच द्या. कारण ती स्वच्छ झाल्याचं समाधान त्यालाच सगळ्यात जास्त मिळणार आहे. कुणालाच नको असलेल्या जागा उरतात, बहुतेक वेळा संडास-बाथरूम आणि माळा. त्या एकट्याच्या गळ्यात कधीच मारू नका. दोन मोठ्या माणसांनी मिळून, वेळ ठरवून, पहिल्या दिवशी सकाळी ताज्या दमात त्या उरकायच्या.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. आपण केलेली फळी आई मागून पुन्हा पुसते हे मुलाने एकदा पाहिलं, की त्या दिवसापुरतं तरी त्याचं काम संपलं. मोठ्यांचंही तसंच असतं, ते फक्त बोलून दाखवत नाहीत. मी कितीतरी घरांमध्ये पाहिलंय: माणसं आळशी नसतात, त्यांनी केलेलं कधीच पुरेसं ठरत नाही म्हणून ती हळूहळू बाजूला होतात. यावर उपाय असा की "झालं" म्हणजे काय हे काम सुरू होण्याआधीच ठरवायचं, तीन साध्या ओळींत, आणि कागदावर लिहून दारावर चिकटवायचं. उदाहरणार्थ मुलांच्या खोलीसाठी: जमिनीवर काही पडलेलं नाही, टेबल आणि फळ्या ओल्या फडक्याने पुसलेल्या, कचऱ्याचा डबा रिकामा. एवढं झालं की खोली झाली. खिडकीच्या कोपऱ्यात धूळ राहिली तर राहू द्या. तिथली धूळ तुम्हाला सहनच होत नसेल, तर चौथी ओळ आधीच लिहायला हवी होती; आता ती पुढच्या खेपेला.

शिकवायचं ते सुरुवातीला शिकवा. फडकं कसं पिळायचं, घडी घालून त्याच्या आठ बाजू कशा वापरायच्या, कोपऱ्यातून दाराकडे का पुसत यायचं. मुलांना हे कुणी दाखवलेलंच नसतं. आपण गृहीत धरतो आणि मग चिडतो. आणि कौतुक करायचं तर नेमकं करा. "छान!" ऐकून मुलाच्या पदरात काही पडत नाही. "कपाटाची वरची कडासुद्धा पुसलीस, ती कुणाच्या लक्षातही येत नाही" हे ऐकलेलं मूल पुढची कडा आपणहून शोधतं.

बक्षिसांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण बहुतेक आईवडील तिथे अडकतात. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रं काढायची मनापासून आवड असलेली बालवाडीतली मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना चित्र झाल्यावर ते अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात बघितलं, तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं रंगीत पेनांकडे इतरांच्या सुमारे निम्माच वेळ वळली. जे त्यांना आवडत होतं ते आता मोबदल्याचं काम झालं होतं. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र शाबूत होती.

फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांचं काम तर आपल्या विषयाच्या आणखी जवळचं आहे. त्यांनी 2006 मध्ये दाखवलं की 18 महिन्यांची मुलंसुद्धा कुणी न सांगता मदत करतात. कपडे वाळत घालताना मोठ्या माणसाच्या हातून चिमटा पडला आणि हात पोहोचत नाही असं दिसलं, की ती तो उचलून देतात. नंतर 2008 मध्ये त्यांनी 20 महिन्यांच्या मुलांना मदतीच्या बदल्यात खेळणं देऊन पाहिलं. ज्यांना खेळणं मिळालं होतं, ती मुलं पुढे ते बंद झाल्यावर, ज्यांना कधीच काही मिळालं नव्हतं त्यांच्यापेक्षा कमी मदत करू लागली. म्हणजे मदतीची ओढ मुलांकडे मुळात असते. ती आपल्याला निर्माण करायची नाहीये, विझू द्यायची नाहीये. म्हणून कामापूर्वी पैसे, खेळणं, मोबाइलचा वाढीव वेळ यांचा सौदा करू नका. काम संपल्यावर न सांगता सगळ्यांना बाहेर घेऊन गेलात तर उत्तम.

धाकट्याबद्दल वेगळं सांगायला हवं. पाच वर्षांच्या मुलाची मदत म्हणजे कामात वाढच, असं वाटून आपण त्याला टीव्हीपुढे बसवतो आणि दहा वर्षांनी तोच मुलगा उठत नाही म्हणून तक्रार करतो. मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं, तेव्हा झाडणं, धूळ पुसणं, पाणी ओतणं ही कामं शिक्षणाचा भाग म्हणून ठेवली आणि मुलांच्या हाताला बेतलेली साधनं दिली. हा साधनांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. मोठा झाडू मुलाच्या डोक्याच्याही वर जातो, तो त्याला आवरणार कसा? दांडा कापलेला झाडू, छोटी सुपली, रुमालाएवढं फडकं आणि पाण्याची छोटी फवारणीची बाटली दिली, की त्याचं काम खरंच होतं. बाटलीत नुसतं पाणी, फार तर भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. त्याला कामं द्यायची ती त्याच्या उंचीची: खुर्च्यांचे पाय, दारांचा खालचा भाग, कपाटाचे खालचे खण. खाली वाकून वाकून आपली पाठ धरते ती ठिकाणं त्याला सहज जमतात. मोज्यांच्या जोड्या लावणं, खेळण्यांचे ठोकळे साबणाच्या पाण्यात धुणं हेही त्याचं. पण सलग दहा-पंधरा मिनिटांहून जास्त अपेक्षा नको. तो मध्येच निघून गेला तर जाऊ द्या, परत येईल.

पंधरा वर्षांच्या मुलाचं गणित उलटं असतं. त्याला अंगाची ताकद लागणारं किंवा डोकं लागणारं काम हवं. मधलं चिल्लर काम दिलं की तो तोंड वाकडं करणार. जड सामान सरकवणं, पडदे काढणं-लावणं, जुन्या वायरी, रिमोट आणि बंद पडलेल्या यंत्रांचा खण, घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो एका जागी साठवणं ही खाती त्याची. त्याची खोली मात्र त्याची. तिथे तुम्ही हात घालायचा नाही. खरकटी भांडी नकोत, ओले कपडे नकोत, दारापासून खिडकीपर्यंत वाट मोकळी हवी, एवढ्या तीन अटींवर समेट करा. या वयात खोली ही त्याची पहिली स्वतःची जागा असते, आणि तिचा मान राखला तर उरलेल्या घरासाठी तो जास्त झटतो. एक गोष्ट मुलांना भारी आवडते: फोन एका कोपऱ्यात उभा करून टाइमलॅप्स चित्रण लावायचं. तीन तासांचं काम एका मिनिटात पळताना पाहिलं की सगळं घर हसतं. तेही मुलाकडेच सोपवा.

आता भांडणांकडे येते. साफसफाईत भांडणं धुळीवरून होत नाहीत, वस्तूंवरून होतात. "हे टाकायचं का?" या प्रश्नावर. निवडणं आणि स्वच्छ करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि ती एका दिवशी केली की घर हमखास बिघडतं. निवडताना प्रत्येक वस्तूवर निर्णय घ्यावा लागतो, आठवणी निघतात, डोकं शिणतं. स्वच्छ करताना शरीर दमतं, पण मन हलकं होतं. दोन्ही एकत्र केलं तर शिणलेल्या डोक्याने आणि दमलेल्या अंगाने आपण एकमेकांशी बोलत असतो. म्हणून निवडानिवड आधीच्या दोन-तीन आठवड्यांत, रोज एक खण किंवा एक फळी, अर्ध्या तासाच्या वर नाही. साफसफाईच्या दिवशी एकही वस्तू "ठेवू की टाकू" म्हणून हातात घ्यायची नाही.

निवडताना दोन नियम पाळा. दुसऱ्याची वस्तू त्याला विचारल्याशिवाय टाकायची नाही, मग ती फाटकी चिंधी असो. धाकट्याचा मोडका ट्रक असो, नवऱ्याच्या कॉलेजच्या वह्या असोत, नियम तोच. एकदा जरी कुणाची आवडती वस्तू न विचारता गेली, तरी पुढच्या वर्षी तो माणूस साफसफाईच्या नावानेच सावध होतो. दुसरा नियम: निर्णय होत नसेल तर वाद घालायचा नाही, वस्तू खोक्यात टाकायची, खोक्यावर सहा महिन्यांनंतरची तारीख लिहायची. त्या तारखेपर्यंत कुणीही ती शोधली नाही तर मालकाला विचारून द्यायची. आणि बाहेर जाणारी पिशवी त्याच दिवशी घराबाहेर गेली पाहिजे. दारामागे राहिलेली पिशवी चार दिवसांत पुन्हा उघडली जाते.

सासूबाईंचा उल्लेख तुम्ही "त्यांना काही करता येत नाही, आणि त्यांना काही टाकलेलंही चालत नाही" असा केलाय. माझी विनंती आहे की त्यांना या सगळ्यात अगदी मध्यभागी आणा. ज्येष्ठ माणसं वस्तूंना धरून बसतात, कारण घरात आपला शब्द कुठे चालतो हे त्यांना उरलेल्या वस्तूंमधूनच कळतं. त्यांचं कपाट पूर्णपणे त्यांच्या हुकमतीत द्या आणि कुणा नातवंडाला त्यांचा मदतनीस करा. बसून करण्यासारखी कितीतरी महत्त्वाची कामं असतात: बटणं आणि सुया-दोऱ्यांचा डबा, कागदपत्रांची वर्गवारी, जुने फोटो. फोटोंचं काम तर त्यांच्याशिवाय कुणालाच करता येणार नाही, कारण त्यातली माणसं ओळखणारं तेवढंच एक माणूस घरात आहे. नाव आणि साल फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, न दाबता लिहावं. बॉलपेन नको, त्याचा उठाव पुढच्या बाजूला येतो आणि शाई पसरते. चकचकीत पाठीवर पेन्सिल उमटत नसेल तर फोटो पाकिटात घालून पाकिटावर लिहा. अकरा वर्षांची मुलगी शेजारी बसून लिहितेय आणि आजी सांगतायत, असे दोन तास गेले, तर त्या दिवशी दुसरं काही झालं नाही तरी चालेल, असं मला मनापासून वाटतं. आणि हेही पाहिलंय की ज्या वस्तूची गोष्ट कुणीतरी नीट ऐकून घेतली, ती वस्तू द्यायला माणसं पुष्कळदा आपणहून तयार होतात.

वेळेचं थोडक्यात. सकाळी आठ ते रात्री आठ असा दिवस ठरवू नका. सकाळी दोन तास आणि दुपारनंतर एक तास, असं चार-पाच सुट्ट्यांना करा. मोठ्यांसाठी 25 मिनिटं काम आणि 5 मिनिटं विश्रांती हा ठोका बरा पडतो. एका वेळी एकच खोली उघडायची आणि ती पूर्ण करूनच दुसरीला हात लावायचा. सगळं घर अर्धवट उपसलेलं असलं की माणसं घाबरतात. एक खोली लखलखीत दिसली की बळ येतं. गाण्यांची यादी रोज वेगळ्या माणसाची, एवढं पुरे.

कामाची रीत माहीत असली की निम्मा त्रास वाचतो, आणि मुलांना तर "का" सांगितलं की कामात खरी गोडी लागते. वरून खाली यायचं, कारण धूळ खाली पडते: आधी जळमटं आणि पंखा, मग कपाटं, शेवटी जमीन. आधी कोरडं, मग ओलं, नाहीतर धुळीचा चिखल होतो. पंख्याच्या पात्यावर जुना उशीचा अभ्रा चढवून मागे ओढला, तर सगळी धूळ अभ्र्यात राहते, डोक्यावर पडत नाही. रात्री दिवे मालवून टॉर्च जमिनीवर आडवा ठेवा. तिरप्या उजेडात प्रत्येक कणाची लांब सावली पडते आणि दिवसा स्वच्छ वाटलेली जमीन खरी कशी आहे ते कळतं. मुलं हा खेळ तासभर सोडत नाहीत. खिडकीची काच दोघांनी दोन बाजूंनी पुसायची, एकाने आडवी आणि दुसऱ्याने उभी. ओघळ उरला तर तो आडवा की उभा यावरून कुणाच्या बाजूचा ते लगेच समजतं, आणि कुणाचंही मन न दुखावता चूक सापडते. हा खेळ खाली जमिनीवर उभं राहून करता येईल अशाच खिडक्यांवर. काचेवर ऊन असताना मात्र पुसू नका, पाणी पुसायच्या आधीच सुकतं आणि डाग राहतात.

नळावरचे आणि शॉवरच्या जाळीवरचे पांढरे थर म्हणजे पाण्यातल्या क्षारांचे, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे. त्यावर साधं व्हिनेगर, म्हणजे सुमारे 5 टक्के ॲसिटिक आम्ल, भिजवलेलं फडकं गुंडाळून अर्धा तास ठेवलं की थर विरघळतो, आणि जवळून पाहिलं तर बारीक बुडबुडे दिसतात. तो कार्बन डायऑक्साइड. अकरा वर्षांच्या मुलीला हे दाखवा. संगमरवर मात्र याच कॅल्शियम कार्बोनेटचाच दगड असल्यामुळे व्हिनेगरने तोही खरवडला जातो, म्हणून तिथे ते अजिबात नको. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढायची टूम सगळीकडे दिसते. फेस बघायला मजा येते, खेळ म्हणून जरूर करा, पण दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात आणि स्वच्छ करायची ताकद फारशी उरत नाही. सोडा वेगळा वापरा, व्हिनेगर वेगळं. आणि तेलकट थरावर साबण लावल्या लावल्या घासत सुटू नका. गरम पाण्यातला साबण फासून दहा मिनिटं बसा. तेवढ्या वेळात साबण तेल सोडवतो आणि हाताचं अर्धं काम वाचतं. सगळ्यांनी एकत्र बसून पाणी प्यायची वेळ हीच.

सुरक्षेबाबत मी फार कडक आहे. ब्लीच कधीही आम्लयुक्त संडास क्लीनरमध्ये किंवा व्हिनेगरमध्ये मिसळायचं नाही, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या काच क्लीनरमध्येही नाही, त्यातून क्लोरामाइनचे घातक वायू निघतात. एका क्लीनरने संडास धुतला की भरपूर पाणी ओतून, दार-खिडकी उघडून, मगच दुसऱ्याचा विचार. ही कामं फक्त मोठ्यांची, हातमोजे घालून. कुठलंही रसायन पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काढून ठेवायचं नाही, मुलं पितात. पंखा पुसताना नुसतं बटण नाही, मेन स्विच बंद. शिडीवर एक माणूस असताना दुसऱ्याने शिडी धरायची, स्टुलावर स्टूल कधीच नाही. वरच्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर वाकून काच पुसणं मुलांना सांगायचं नाही, आणि स्वतःही करायचं नाही. घरात कुणाला दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल तर त्या माणसाला झाडण्याच्या खोलीत ठेवू नका. सगळीकडे कोरड्या झटकणीऐवजी ओलं फडकं वापरा, आणि चादरी-अभ्रे 60 अंश सेल्सियसच्या पाण्यात धुवा, त्या तापमानाला धुळीतले सूक्ष्म कोळी मरतात.

शेवट कसा होतो यावर पुढच्या वर्षीचा उत्साह ठरतो. डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांनी एकदा 14 अंशांच्या गार पाण्यात 60 सेकंद हात धरला. दुसऱ्यांदा तसेच 60 सेकंद, आणि वर आणखी 30 सेकंद, पण त्यात पाणी हळूहळू 15 अंशांपर्यंत किंचित कोमट होत गेलं. यातलं कुठलं पुन्हा कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरं, म्हणजे जास्त वेळ त्रासाचं निवडलं, कारण त्याचा शेवट बरा होता. आपल्या घरात मात्र दिवसाचा शेवट कचऱ्याच्या पिशव्या, घाणेरडं पाणी आणि "अजून माळा राहिलाच की" या वाक्याने होतो. ते उलटं करा. घाणीचं काम दिवसाच्या पहिल्या टप्प्यात, आणि शेवटचा अर्धा तास राखून ठेवायचा तो फक्त हलक्या, सुंदर दिसणाऱ्या कामांना: धुतलेल्या चादरी अंथरणं, उशा लावणं, पुस्तकं मांडणं. मग सगळ्यांच्या आंघोळी, आणि मग प्रत्येकाने आपापली जागा बाकीच्यांना फिरून दाखवायची. धाकट्यानेही. त्याने पुसलेले खुर्च्यांचे पाय वाकून बघा, नुसतं हो म्हणू नका. राहिलेल्या कामाचा उच्चार त्या संध्याकाळी करायचा नाही. ते कागदावर लिहून ठेवा, समोर तारीख टाका, आणि कागद मिटवून ठेवा. स्वयंपाक त्या रात्री तुम्ही एकटीने करायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

पहिल्या वर्षी सगळं जमणार नाही. तीनच गोष्टी धरा: जागा वाटणं, मागून न पुसणं आणि निवडानिवड आधी उरकणं. पुढच्या खेपेची फेरी मारायची तारीख आणि कागद-पेन आत्ताच मुलीच्या ताब्यात द्या, आणि तिने बोलावेपर्यंत तुम्ही विषय काढू नका.